पाठीकडून उघडणारी बॅग

कॅमेऱ्याची बॅग मी माझ्या पाठीला मापून घेतली आणि वाहायला बायकोला दिली. चूक तिथंच झाली.

आम्ही दोघं नांदेडहून लग्नाचे फोटो काढायला जातो. मुसलमान घरांतल्या लग्नात बायकांच्या खोलीत मला जाता येत नाही. तिथलं सगळं काम ती करते. म्हणूनच मुख्य बॅग तिच्याकडे असते. तरी खरेदीला मी एकटा गेलो. स्टँडवरच्या गर्दीत कुणी मागून हात घालू नये, म्हणून पाठीकडून, म्हणजे अंगाला टेकणाऱ्या बाजूनं, चेन उघडणारी मोठी बॅग घेतली. घरी तिनं ती घालून पाहिली. कमरेचा पट्टा तिच्या मांडीवर आला. बाजूनं उघडणारी, लहान बघितली असती तर, असं ती म्हणाली. लहान बॅग बघून लोक आपल्याला नवखे समजतील, असं सांगून मी विषय मिटवला.

लातूरच्या एका लग्नात बायकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लेन्स बदलायची तर बॅग उतरवून, आडवी टाकून उघडावी लागे. ती उतरवताना पट्ट्यात पदराची पिन अडकली. तेवढ्यात नवरीच्या आईनं लेकीच्या दंडाला इमाम जामीन, म्हणजे रक्षणाची पट्टी, बांधली. फोटो हुकला.

बाहेर आल्यावर, त्या आईच्या समोरच, मी बायकोला म्हणालो, "इतकी वर्षं झाली, अजून लेन्स बदलता येईना तुला?"

तिनं बॅग पाठीवर घेतली. स्टँडकडं जाताना ती पुढं चालत होती, तेव्हा बॅग तिच्या अंगावर कशी दिसते ते मी पहिल्यांदा नीट बघितलं. पट्टा मांडीवर आपटत होता, पदर पिनेपाशी फाटला होता. बॅग मागितली, तर दिली नाही.

"ऱ्हाऊ द्या. पुढच्या लग्नाला तुम्हीच जावा बायकांत."

या कामात तिचा जीव होता, हे मला ठाऊक होतं. ते वाक्य म्हणूनच लागलं.

पुढं मी तिला घेऊन दुकानात गेलो. तिनं एकेक बॅग घातली, चालून बघितली, उकिडवं बसून बाजूची चेन ओढली. दुकानदार हसून म्हणाला, "वैनी, इथंच लग्नाचे फोटो काढून राहिल्या का?" तीही हसली. एक साधीशी बॅग तिनं निवडली. पण कामाला येईन, असं काही म्हणाली नाही.

लातूरच्या त्या लग्नाचा अल्बम द्यायला ती आली, तेही नवरीच्या आईनं आठवणीनं बोलावलं म्हणून. पानं उलटत आईनं इमाम जामीनचा फोटो विचारला. बायकोनं मान खाली घातली.

"भाभी, तो फोटो माझ्यामुळं गेला," मी म्हणालो. "हिला न झेपणारी बॅग मीच गळ्यात मारली, अन् वरून तुमच्यासमोर हिलाच बोललो."

मग बायकोकडं वळलो. "चुकलं माझं. माफ कर मला."