वाकळीखाली ‘अज्ञात’ लिहिलं होतं

मी चौथी शिकलेला माणूस. पस्तीस वर्षं बाजारात पोती वाहिली. वेबसाइट कशी असावी, हे कुणी मला विचारील असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला ‘सकाळीच टाकून आलास काय’ म्हणालो असतो. पण विचारलं. आणि मी गेलो ते काही त्यांच्या भल्यासाठी गेलो नाही. मला बायकोची वाकळ शोधायची होती.

वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या साताऱ्याकडं वाकळच म्हणतात. कामोठ्याच्या एका खोलीत आम्ही राहायचो, तेव्हा दुपारी ती फरशीवर जुनी लुगडी अंथरायची, वारा नको म्हणून कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांदळाचा डबा ठेवायची आणि काठापासून शिवत शिवत मधे यायची. फाटलेलं फडकं टाकू द्यायची नाही. माझ्या डोक्यावरचं पोत्याखालचं कापडसुद्धा धुऊन ठेवायची. मी म्हणायचो, ‘घाण हाय ती.’ ती म्हणायची, ‘घामाची कसली घाण?’

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मोठ्या कलासंग्रहालयाची दोन माणसं घरी आली. गावाकडून इथं आलेल्या बाया काय शिवतात, ते त्यांना गोळा करायचं होतं. त्यांनी तिची एक वाकळ निवडली आणि कागद काढला. विचारलं, कुणी शिवली? मी खुर्चीत बसलेलो. म्हणालो, “घरातल्या बाईनं. नाव काय करायचंय? माझं लिवा. रेशन, लाइट, खोली, सगळं माझ्याच नावावर हाय.”

ती चहा घेऊन दारात उभी होती. त्यातल्या एकानं तिला विचारलं, “तुम्ही काय म्हणता, मावशी?”

तिनं पदर सारखा केला. “ते म्हणत्यात तसं लिवा.”

माझ्या घराण्यात सगळे असंच बोलायचे, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ती माणसं गेल्यावर मीच मिशीला पीळ भरत बसलो.

मग ती आजारी पडली. शेवटचे महिने अंथरुणातच होती. आणि तेव्हा तिला त्या वाकळीची आठवण यायला लागली.

“आवं, माझी वाकळ घडी घालून ठिवली असंल का त्येंनी? कसर लागंल.”

“औषध मारत्यात तिथं.”

“बघाया कोण येत असतील का?”

आमचा मुलगा घणसोलीला राहतो. रविवारी आला की तो फोनवर त्या संग्रहालयाची वेबसाइट उघडायचा. वर मोठमोठी चित्रं आपोआप सरकायची. वाचायला घेतलं की पान पळायचं. सगळं इंग्रजी. तो अर्धा तास खटपट करायचा आणि म्हणायचा, “सापडत नाय.” ती मान उचलून बघायची आणि परत टेकवायची. मी म्हणायचो, “बरी हो, मुंबईला जाऊनच बघू.”

बरी झाली नाही. बघायचं राहिलं. त्याला आता वर्ष होऊन गेलं.

मी आता राहतो त्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक ताई राहतात. वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत आहेत, चाळिशीच्या असतील. एकदा लिफ्टपाशी सेक्रेटरीनं पाणीकपातीची नोटीस लावली होती, बारीक अक्षरात. मी त्याला विचारत होतो, “ही काय मुंग्यांना वाचायला लावलीय काय?” ताई मागं उभ्या होत्या. हसल्या. म्हणाल्या, “काका, तुमच्यासारखीच माणसं हवी आहेत आम्हाला. एका संग्रहालयाची साइट नव्यानं करतोय. म्हाताऱ्यांना, न दिसणाऱ्यांना, कमी शिकलेल्यांना वापरता यावी अशी.”

“कुठलं संग्रहालय?”

त्यांनी नाव सांगितलं. मी म्हणालो, येतो. वाकळीचं काही बोललो नाही.

ऑफिस बेलापूरला. ताईंनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि शेजारी वही घेऊन बसल्या. “काका, ही तुमची परीक्षा नाही, साइटची आहे. चुकलात तर चूक आमची. आधी जुनी साइट बघू. मनात येईल ते मोठ्यानं बोला.”

“माझ्या तोंडाला लगाम नसतो.”

“म्हणून तर बोलावलं.”

पलीकडच्या खुर्चीत माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. काळा चष्मा. टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले, जन्मापासून दिसत नाही. ते फोनच्या काचेवर बोट फिरवायचे आणि फोन त्यांना भराभर वाचून दाखवायचा.

माझ्या पडद्यावर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा होत्या. “हे काय? महादेवाचं भस्म?”

“तिथं दाबलं की यादी उघडते, काका.”

“मग ‘यादी’ असं लिहायला शाई लागती काय?”

ताईंनी वहीत लिहिलं. राखाडी कागदावर राखाडी अक्षरं होती, तेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “आता तुम्हाला आवडेल ती वस्तू शोधा.”

मी एका बोटानं ‘वाकळ’ लिहिलं. काही नाही. ‘गोधडी’ लिहिलं. काही नाही.

ताई हळूच म्हणाल्या, “तिथं इंग्रजीत ‘क्विल्ट’ टाकावं लागतं.”

“साताऱ्याच्या बाईनं शिवलेल्या वाकळीला?”

ताईंनी तेही वहीत लिहिलं. ऑपरेटर पलीकडून म्हणाले, “तुम्हाला डोळे असून सापडेना, मला नसून सापडेना. फिट्टंफाट.”

मला हसू आलं नाही. मला तिची उचललेली आणि परत टेकवलेली मान दिसत होती. आमच्या मुलाला वाटायचं आपल्याला येत नाही. मला वाटायचं पोरगं मन लावत नाही, एकदा तसं बोललोही होतो. ते शोधता येण्यासारखं केलेलंच नव्हतं.

ताईंनी इंग्रजी शब्द टाकून दिला. तिसऱ्या पानावर, खाली, अंगठ्याच्या नखाएवढी ती होती. दाबलं. मोठी झाली. माझा हात टेबलावरच राहिला.

“मिळालं वाटतं,” ऑपरेटर म्हणाले. “गप्प झाले.”

त्यांनी ताईंना विचारून तेच पान आपल्या फोनवर लावलं. फोन बोलायला लागला. “प्रतिमा. शून्य शून्य चार सात.” मग इंग्रजीत काहीतरी. ताईंनी तेवढं मराठीत सांगितलं. वस्तू, गोधडी. कारागीर, अज्ञात. देणगीदार, आणि पुढं माझं नाव, बापाच्या नावासकट.

“देणगीदार तुम्हीच का?” ऑपरेटर म्हणाले. “आणि शिवणारी बाई कोण, ते कुणालाच ठाऊक नाही?”

“मला ठाऊक हाय.”

“मग सांगायचं होतं की.”

असं मला आजवर कुणी तोंडावर बोललं नव्हतं. मी सांगून टाकलं सगळं. खुर्ची, चहा, रेशनकार्ड. सांगताना तिच्या नावापाशी येऊन अडलो. चाळीसेक वर्षांच्या संसारात मी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. ‘अगं’, ‘ऐकतीस का’, मग पोरगं झाल्यावर त्याची आई. आणि नाव तरी कुठलं? लग्नात ताटात तांदूळ पसरून मी अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. नाव आत्यानं सुचवलेलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. पण वाकळ शिवायला ती शिकली ती माहेरात, आईच्या मांडीला मांडी लावून. तिथं तिला वेगळ्याच नावानं हाक मारायचे. तिचे आईबाप गेल्यावर ते नाव कुणाच्या तोंडात राहिलं नव्हतं.

ताई म्हणाल्या, “काका, अर्ज लिहून द्या, मी संग्रहालयाकडं पोचवते. आणि एक करा. चित्र ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी आम्ही वर्णन लिहितो, फोन ते वाचतो. हिचं आम्ही ‘रंगीत गोधडी’ एवढंच लिहिणार होतो.”

“रंगीत?” ऑपरेटर म्हणाले. “मला रंगीत सांगून काय उपयोग? हाताला कशी लागते ते सांगा.”

मग मी त्यांना सांगत गेलो आणि ताई लिहीत गेल्या. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, बोट फिरवलं की बारीक खडी लागल्यासारखी लागते. पायाकडं जाडाभरडा चौकोन, तो माझ्या डोक्यावरच्या फडक्याचा. वजनदार म्हणून पायाकडं, म्हणजे वाकळ सरकत नाही. मधला गुळगुळीत तुकडा तिच्या लग्नातल्या शालूचा. त्याच्या शेजारी पोराच्या झबल्याचा, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. हिरव्या काठाचं तिच्या आईचं लुगडं. ऑपरेटर हवेत बोटं हलवत होते, जणू वाकळ मांडीवरच आहे.

डाव्या कोपऱ्यात पिवळं, बारीक फुलांचं एक ठिगळ होतं.

“ते कशाचं?”

मी चष्मा पुसला. पडद्याला नाक लावलं. पोराचं नव्हतं, माझं नव्हतं, तिचं तसलं पातळ मी कधी पाहिलं नव्हतं. तीच वाकळ अंगावर घेऊन मी इतकी वर्षं झोपलो, आणि एकदाही विचारलं नव्हतं.

“ठाऊक नाय,” म्हणालो.

“तसंच लिहू,” ताई म्हणाल्या.

अर्ज मी घरी बसून लिहिला. दोन कागद फाडले. तिचं माहेरचं नाव आधी लिहिलं, तांदळातलं मागं. पेनानं ते नाव लिहिताना ती दारात उभी राहून बघतेय, असं वाटलं. ‘आता कशाला’ असं म्हणेल ही भीती वाटली. तरी लिहिलं.

नवी साइट सुरू झाली तेव्हा ताई स्वतः खाली आल्या. माझ्या फोनवर लावून दिली. चित्रं पळत नाहीत. अक्षरं काळी, मोठी. रेघांच्या शेजारी ‘यादी’ लिहिलंय. मी ‘वाकळ’ टाकलं आणि ती पहिलीच आली. मग फोन तिचं नाव बोलला. माहेरचं, मग सासरचं. ते इथं लिहीत नाही. तिथं आहे, तेवढं पुरे.

मुलगा रविवारी आला. त्याला ऐकवलं. मी त्याला म्हणालो, “तुझी चूक नव्हती.” तो फोन हातात धरून भिंतीकडं तोंड करून बसला.

मी दुपारी कधीकधी लावतो. वर्णन पहिल्यापासून ऐकतो. फडकं, शालू, झबलं, तिच्या आईचं लुगडं. फोनमधली बाई सगळं न अडखळता वाचते. शेवटी म्हणते, “डाव्या कोपऱ्यात पिवळं, फुलाफुलांचं ठिगळ. कुठल्या कापडाचं, अज्ञात.”

हे ‘अज्ञात’ मात्र खरं आहे. सांगणारी ती एकटीच होती.