सत्तेचाळीस नंबरचं दूध

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन कमी आणि खडू जास्त आला, डेअरीच्या कॅनवर नंबर टाकायला. चुका दिसतील, त्या पोटात घाला. ज्या मॅडमनी हे लिहायला लावलं त्या म्हणाल्या, तुमच्या हाताने लिहा, मी टाइप करून अनुभवांच्या ग्रुपवर टाकते. आडनाव टाकू नका, एवढंच मी सांगितलं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बसतो. कागदापुढे तेवढं होत नाही.

आमच्या घरात लिंबू, अंगारा, उतारा काही चालत नाही. सासऱ्यांनी ते सगळं घराबाहेर काढलं ते काढलंच. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाकी काही नाही. कोणी म्हणालं की चिंचेखाली बाई दिसली, तर सासरे विचारायचे, "तिनं काई काम सांगतलं काय?" मीही तशीच. रोज पहाटे अंधारात एकटी डेअरीवर जाते. भीत बसले तर कॅन कोण धुणार?

आमचं गाव संग्रामपूरहून सातपुड्याकडे जाताना लागतं. डेअरी रस्त्याला लागूनच — दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यापुढे कडुनिंब. आत शिरलं की डाव्या हाताला काटा, त्याच्या शेजारी फॅट पाहायचं यंत्र, टेबलावर कॉम्प्युटर आणि चिठ्ठी काढणारा लहानसा प्रिंटर. मागच्या खोलीत दूध थंड ठेवायची स्टीलची टाकी. संस्था बायकांची आहे. शोभाताई सचिव, मी कामाला. दूध घ्यायचं, वजन करायचं, फॅट लावायची, मग सोड्याच्या पाण्याने सगळं धुवायचं. सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक. संध्याकाळपर्यंत खांद्यात जीव राहत नाही.

आता मशीनचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

आधी आमच्या नोंदी एकाच कॉम्प्युटरमध्ये जायच्या. सकाळी सगळ्या गावांचं दूध एकदमच आपापल्या काट्यावर येतं, मग स्क्रीनवर ते चक्र गोल गोल फिरत बसायचं आणि बायका किटल्या घेऊन उन्हात. एकदा वीज कडाडली आणि पंधरवड्याच्या नोंदी गेल्या. कोणी किती दूध घातलं यावरून ओट्यावर अशी भांडणं झाली की दोन घरांचं अजून बोलणं नाही. मग नवीन मशीन आलं. ते बसवायला मलकापूरहून अश्विनी मॅडम आल्या. आपल्याच भागातल्या, म्हणून समजेल असं सांगायच्या. म्हणाल्या, आता नोंद एका जागी नसते. एकाच वेळी तीन शहरांत लिहिली जाते. दोघांनी 'आली' म्हटलं की पक्की. एक शहर बंद पडलं तर उरलेली दोघं काम चालवतात, आणि ते परत उठलं की मागं काय झालं ते त्याला सांगतात.

माझी मोठी जाऊ तेव्हा किटली घेऊन तिथंच उभी होती. आम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणायचो.

"म्हंजे सोयरिकीसारखं," बाई म्हणाली. "एकानं सांगतलं तं अफवा, दोघाइनं सांगतलं तं पक्कं."

मॅडम हसल्या. "अगदी तसंच."

"आन् माहं नाव तीन शहरात? इथी तं घरात कोणी इचारत नाई!"

बाई तशी होती. मी जितकी गप्प तितकी ती मोकळी. माझ्या वाटचं बोलणंही तीच बोलायची. तिचा नंबर सत्तेचाळीस. दूध घालायला कायम शेवटी यायची. मी काटा पुसायला घेतला की रस्त्यावरून ओरडायची, "थांब वं चंद्रा, माहं राह्यलं!" म्हशीला सरकी भिजवून घालायची, त्यामुळे तिच्या दुधाची फॅट गावात सगळ्यांत वर.

आणि मशीन खरंच चुकेना. अडकेना. रेंज गेली तरी आली की आपोआप सगळं जाग्यावर. एकदा त्या तिघांतलं एक शहर दिवसभर बंद होतं म्हणे, आम्हाला पत्ताही लागला नाही. बायकांचा त्याच्यावर इतका भरवसा बसला की चिठ्ठी न बघता पदराला बांधायच्या. हे मुद्दाम सांगते. मशीन चुकत नाही असं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच पुढे बोट माझ्याकडे आलं.

माझं पिशवीचं ऑपरेशन निघालं तेव्हा हातात काही नव्हतं. डेअरीची उचल फक्त दूध घालणाऱ्या बाईला मिळते, कामवालीला नाही. बाईने तिच्या नावावर उचल घेतली, मी जामीन राहिले. सत्तेचाळीसवर पडेल त्या दुधाचा पैसा आधी उचलीत वळता व्हायचा. मी पुरती उभी राहिले नव्हते तोच बाईला कावीळ झाली. बुलढाण्याच्या दवाखान्यात तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. मी पाय चेपत होते. म्हणाली, "तुह्या आंगावर नाई येऊ देत मी. म्हैस हाय अजून."

भाद्रपदात ती गेली. म्हैस थोरल्या दिरांनी महिन्याच्या आत विकली. त्यांना धार काढता येत नव्हती, आणि गोठ्यात गेलं की रडू यायचं.

शोभाताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "चंद्रा, वाईट वाटून नको घेऊ, पण उचल जामिनावर येते. पुढच्या चुकाऱ्यापासून तुह्या पगारातून निम्मे कापीन."

मी मान हलवली.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी सगळं दूध घेऊन झालं होतं. काट्यावर काही नव्हतं, मी फडकं पिळून काटा पुसत होते. प्रिंटर घरघरला. चिठ्ठी बाहेर आली. मला वाटलं, माझाच हात कुठे लागला. उचलून वाचली. नंबर सत्तेचाळीस. म्हैस. दोन लिटरच्या थोडं वर. फॅट — तिची असायची तीच. खाली उचलीची बाकी, तेवढ्याने कमी झालेली.

मी ती चिठ्ठी मुठीत धरून किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. भ्याले नाही. खरं सांगते, आधी दमल्यासारखं झालं. भ्यायलाही अंगात जोर लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत. संध्याकाळी परत. दर पाळीला, सगळ्यांत शेवटी.

शोभाताई आधी हसल्या. "तुह्यी जाऊ येऊन गेली काय वं?" पण चार-सहा दिवसांनी हसू गेलं. "मशीन चुकत नाई, चंद्रा. काट्यावर वजन आल्याबिगर नोंद होत नाई, आन् पाळी सुरू करतानी तुह्या बोटाचा ठसा लागते. मेलेली बाई दूध घालते, का तू घालून राह्यली?"

"मी कोठून घालू ताई? माह्याकडं शेळीबी नाई."

"थेच तं इचारून राह्यली मी."

त्याचा अर्थ मला संध्याकाळी कळला. एक बाई किटलीवरचा हात काढेना. मी काट्याशी ओतत होते आणि ती धारेकडे टक लावून बघत होती. मागून कोणी तरी म्हणालं, "पाहून घ्या वं, कोन्ती धार कोठी जाते थे." म्हणजे मी प्रत्येकीच्या दुधातून ओंजळभर चोरते आणि जावेच्या नंबरावर टाकते, माझा पगार कापला जाऊ नये म्हणून. तोंडावर चोर कोणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं. नोकरी जाईल हे होतंच, पण गावात माझ्याकडे दुसरं काय होतं? बोलता येत नाही, शिकलेली नाही. हात स्वच्छ आहे, एवढंच नाव होतं. ते रोज थोडं थोडं जात होतं. घरी जेवण जाईना. रात्री पडलं की सकाळची पाळी आठवायची, आणि उठावंसं वाटायचं नाही.

शेवटी शोभाताईंनी अश्विनी मॅडमना बोलावलं. मॅडम लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसल्या. त्या मशीनला प्रश्न विचारायची एक भाषा असते, एसक्यूएल म्हणतात तिला. मॅडम एक ओळ लिहायच्या, उत्तर यायचं. परत ओळ, परत उत्तर. मी दाराशी उभी. मला वाटलं, आता हे मशीनच सांगेल माझ्याबद्दल काय ते.

मॅडमनी तिन्ही शहरांना वेगवेगळं विचारलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"ताई, तिन्ही ठिकाणी एकच उत्तर आहे. वजन ह्याच काट्यावरून आलंय, फॅट ह्याच यंत्रातून. मागून कोणी हात घातलेला नाही. नोंद खरी आहे."

"खरी कशी?" शोभाताई म्हणाल्या. "बाई मेली हाय."

"ते त्याला कोणी सांगितलंच नाही ना. नंबर अजून चालूच आहे. बंद का नाही केला?"

आमच्या संस्थेत माणूस गेलं की वर्षभर त्याचा नंबर खोडत नाहीत आणि दुसऱ्या कोणाला देत नाहीत. कोणी ठरवलं माहीत नाही. कागदावर नाही, पण सगळ्या जातीच्या बायका पाळतात.

"मी आत्ता बंद करते," मॅडम म्हणाल्या. "मिनिटाचं काम आहे. नोंदी यायच्या थांबतील."

मला वाटलं, करा, एकदाची सुटले.

"नाई," शोभाताई म्हणाल्या. "वरीस नाई भरलं."

"अहो ताई, तुम्हीच तर तक्रार केली!"

"केली. चोरी हाय का थे पाहा. नंबरले हात लावू नका."

मग शोभाताईंनी ठरवलं. त्या संध्याकाळी काट्यावर त्या स्वतः बसणार, बोट त्यांचं. सगळ्या बायकांनी घरून दूध मोजून आणायचं. मी बाहेर, ओट्यावर. मॅडमही थांबल्या. मी कडुनिंबाकडे तोंड करून बसले. आत नुसता किटल्यांचा आवाज. एक एक बाई चिठ्ठी घरच्या मापाशी ताडून बघून बाहेर यायची, माझ्याकडे न बघता जायची. कोणाचंच दूध कमी भरलं नाही.

सगळ्या गेल्या. आत सामसूम झाली... आणि प्रिंटर घरघरला.

मग टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. टाकीत मोजपट्टी असते, तिच्यावर दूध किती ते कळतं. शोभाताईंनी पट्टी एकदा बघितली, पुसून परत बघितली. हे मला नंतर मॅडमनी सांगितलं. टाकीतलं दूध चिठ्ठ्यांच्या बेरजेइतकंच भरलं. सत्तेचाळीसचं धरून. ते दूध खरोखर टाकीत होतं.

शोभाताई दारात आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चंद्रा, आत ये वं. काटा पुसायचा राह्यला."

एवढंच. माफी वगैरे नाही, ती त्यांची रीत नाही. पण दुसऱ्या सकाळी, धारेकडे बघणारी ती बाई आली, किटली माझ्या हातात दिली आणि ओट्यावर जाऊन तंबाखू चोळत बसली. आत बघितलंही नाही. मी तोंड फिरवून दूध ओतलं, कारण डोळे भरले होते.

मग ते अंगवळणी पडलं. त्याच्यावर कोणी बोलायचं नाही, देवाचं करायचं नाही, नारळ फोडायचा नाही. पाळी संपली की शोभाताई चाव्या हातात खेळवत विचारायच्या, "झालं काय तुह्या जावेचं?" मी म्हणायची, "नाई अजून." त्या थांबायच्या. मी काटा पुसून बाजूला सरकायची, येणाऱ्याला वाट द्यावी तशी. चिठ्ठी आली की, "हाव, आली. लाव आता कुलूप."

मॅडमनी त्यांच्या मोठ्या साहेबांना विचारलं. काटा बदलला, यंत्र बदललं, वायरी बदलल्या. तिकडे हजारो गावांच्या नोंदी त्याच मशीनमध्ये जातात म्हणे, असं कुठेच झालं नाही. मी त्यांना विचारलं, "मशीन तीन ठिकाणी इचारते, तं चौथी जागा नसन ना एखादी?" त्या लॅपटॉप मिटत म्हणाल्या, "मला माहीत असलेल्या तीनच आहेत, काकू."

मलाही उत्तर माहीत नाही. अजून कोणी सांगितलेलं नाही. दूध कुठल्या म्हशीचं, धार कोणी काढली... मी विचार करायचं सोडलं आहे. बाईच्या आठवणीत संध्याकाळी बुद्धवंदना म्हणते, आणि झोपते.

ऊन तापायला लागलं तसं सगळ्यांचं दूध आटलं, सत्तेचाळीसचं आटलं नाही. मग चैत्रातली एक सकाळ. टँकर लवकर येणार होता म्हणून शोभाताई घाईत होत्या. मी काटा पुसला, बाजूला सरकले. चिठ्ठी यायला त्या दिवशी वेळ लागला. आली तेव्हा वजन बघून मी दचकले. दोन लिटर नाही, एक नाही, अर्धाही नाही. तांब्याच्या तळाशी उरतं तेवढं दूध. इतके महिने कधी असं झालं नव्हतं.

"आज काऊन इतकं कमी?" मी मोठ्याने म्हणाले. नुसत्या काट्याला म्हणाले, शोभाताईंसमोर.

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, उजेडात दारापाशी नेली. वरून खाली वाचली. मग हळूच, वर्गात वाचून दाखवावं तसं, शेवटची ओळ वाचली.

"उचल बाकी... निरंक."

त्यांनी चिठ्ठी घडी करून माझ्या हातात दिली. "फिटली वं तुह्यी. जितकं पाह्यजे होतं तितकंच घातलं तिनं."