मोहफुलांनी खोडलेलं वाक्य

एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत मी फळ्यावर इंग्रजीतलं ‘पिक’ हे क्रियापद लिहिलं आणि मराठी अर्थ मागितले. मुलींनी नुसता गोंधळ घातला. कापूस वेचणे, तेंदूपत्ता तोडणे, भाजी खुडणे, तांदूळ निवडणे. माझा हात पुरेना. मीही चेकाळलो आणि वाक्य ठोकलं: आई झाडावरून मोहफुलं तोडते.

मागच्या बाकावरची एक मुलगी चिडून उठली. “सर, मोहफुलं कोनी तोडत नाई. आपल्या मनानं पडू द्या लागते, मंग वेचा लागते. तुमी कंदी वेचाले गेले नाई का?”

सात वर्षं तिथं राहून मी गेलो नव्हतो. मी वाक्य पुसलं आणि यादीच्या शेवटी, कुठल्याच शब्दकोशात नसलेला अर्थ लिहिला: वाट पाहणे.