पडद्याचा टांगा

मथुताई बोकील सोलापूरहून निघाल्या, तशी वहिनीनं त्यांची खोली झाडून तिथे गव्हाची पोती रचलीसुद्धा. नवऱ्यामागे सहा वर्षं भावाकडे काढलेली बाई. परत आली तर पाठ टेकायला जागा नाही, हे तिला न बोलता सांगून झालं. आता ती हैदराबादची मास्तरीण. म्हणजे, अजून झालेली नव्हतीच. सुलतान बाजारातल्या मुलींच्या शाळेचे चिटणीस दिगंबरराव वकील यांनी लिहिलं होतं, ‘शुक्रवारी सायंकाळी घरी भेटावे. शहराची रीत सांभाळणाऱ्या बाई पाहिजेत. मग नेमणूक.’ रीत म्हणजे दोन्ही खांद्यांवर पदर, एवढंच मथुताईंनी धरलं. सोलापुरात बसून आणखी काय कळणार, कपाळ!

वाडी स्टेशनात गाडी बदलली, संस्थानाची हद्द लागली आणि मुलूखच परका झाला. पाट्या उर्दू, नाणं निराळं, आणि जकातीच्या शिपायानं ट्रंक उचकटून लोणच्याची बरणीसुद्धा हुंगली. नामपल्लीला उतरेपर्यंत बाईंचा जीव मेटाकुटीला आला. टांगेवाला म्हातारा होता. त्यानं वकिलांच्या घराचा, शाहअलीबंड्याचा पत्ता ऐकला, बाईंना मागे बसवलं आणि चारी बाजूंनी चादर बांधून टाकली. बायकांच्या टांग्याची इथे तीच चाल. पण हे बाईंना कोण सांगणार?

आत काळोख, दमट चादर, बाहेर अनोळखी बोली. घोडा वळला की बाईंच्या काळजात धस्स व्हायचं. परक्या मुलखात बायका पळवतात, असं वहिनीनं निघतानाच ऐकवलं होतं. जळलं मेलं तिचं तोंड. तिसऱ्या वळणाला बाईंनी गाठ सोडली आणि चादर सारली.

समोर पूल, खाली मुसी नदी. बाई बघतच राहिल्या. “अम्मा, परदा डालो. याँ ऐसा नक्को,” म्हाताऱ्यानं दोनदा विनवलं. बाईंनी मान डोलावली आणि गाठ काही बांधली नाही. भीती कुठल्या कुठे पळाली होती. चारमिनारखाली बांगड्यांची दुकानं मागे पडेपर्यंत त्या वळूनवळून पाहत होत्या. लोकही त्यांच्याकडे पाहत होते, पण बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

वकिलांच्या घरी त्यांना माजघरात बसवलं. परक्या बाईशी दिगंबरराव समोरासमोर बोलत नसत. ते दिवाणखान्यात, आणि मधल्या दारातून त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई प्रश्न आत आणायच्या, उत्तर बाहेर न्यायच्या. शिक्षण झालं, गणित झालं, शिवण झालं. मग इंदुमतीबाई आल्या त्या मान खाली घालून.

“कारकून आत्ताच चारमिनारवरून आला. उघड्या टांग्यात एक मराठी लुगड्यातली बाई बघितली म्हणतो. हे विचारतात, त्या आपणच का? तसं असेल तर पालक मुली पाठवायचे नाहीत.”

मथुताईंच्या डोळ्यांपुढे गव्हाची पोती उभी राहिली. नाही म्हणावं, तर वकिलाच्या घरात खोटं टिकणार किती दिवस? आणि खरं सांगावं, तर आज रात्रीच परतीची गाडी.

“मीच ती,” त्या म्हणाल्या. “आधी भीती वाटली म्हणून गाठ सोडली. मग बघावंसं वाटलं म्हणून बांधली नाही.”

इंदुमतीबाई दाराशी जाऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या, “त्या दुसऱ्या कुणी असतील. या पडदा लावूनच आल्यात.”

पलीकडे कुणी खाकरलं. सोमवारपासून शाळेत यायला सांगा, असं दिगंबरराव म्हणाले. मथुताईंना रडू आवरेना.

इंदुमतीबाईंनी दार लोटलं आणि त्यांच्याजवळ येऊन बसल्या. नवव्या वर्षी या घरात आलेल्या त्या, माहेर नदीच्या पलीकडच्या तीरावर.

“एकतीस वर्षं त्याच पुलावरून येते-जाते मी,” त्या हळूच म्हणाल्या. “चाकांचा आवाज बदलला की कळतं, पूल आला. नदी कशी दिसते हो?”