दुसरी आगबोट

बुधवारी सकाळपासून ऑफिसात एकच प्रश्न होता: दुसरी आगबोट गेली कुठे?

हॅम्बर्गमधली आमची कंपनी समुद्राचा तळ तपासते. पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणणारी केबल टाकायची, तर खाली काय पडलंय ते आधी कळायला हवं. सोनार यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीवरून तळाचं चित्र काढतं. ते चित्र जुन्या नोंदींशी जुळवणं माझं काम. या वेळी इंग्लंडच्या बाजूच्या पट्ट्यात महायुद्धात जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या दोन मालवाहू आगबोटींची नोंद होती. पहिली, आगबोटीच्या कप्तानाच्या जबानीवरून, रात्री अकराची. (खलाशी सगळे वाचले होते. आधीच सांगते, म्हणजे पुढे मोकळेपणी हसता येईल.) दुसरी पाणबुडीच्या रोजवहीतून, दुसऱ्या दिवशी पहाटे एकची, बोटीचं नाव अज्ञात. तळाशी मात्र एकच सांगाडा.

आमच्या बॉस फ्राऊ पेटरसन यांनी ठरवलं, शुक्रवारी सर्व्हे बोट पुन्हा जाईल. बोटीचा प्रमुख उवे. शनिवारी त्याच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न. रजा रद्द करतो, एवढंच तो म्हणाला आणि कॉफी आणायला गेला. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी आले. त्या दिवशी संकष्टी होती. पुण्याहून राहायला आलेल्या सासूबाई सव्वासहाला, लख्ख उन्हात, मोदकांचं ताट वाढून बसल्या होत्या.

"अहो आई, अजून चंद्र कुठे उगवलाय?"

"पुण्यात उगवला, पावणेदहाला. माझं घड्याळ तिकडचंच आहे. परगावी आलं म्हणून काय वेळ बदलायची?"

मी मोदक हातात धरून तशीच बसले. पाणबुडीचा कप्तानही घरचंच घड्याळ घेऊन फिरत असला तर?

गुरुवारी सकाळी रोजवही उघडली. त्याच दिवसाच्या सूर्यास्ताची वेळ त्यात होती. त्या जागी सूर्य ग्रीनिच वेळेनुसार कधी मावळला असेल, याचा हिशेब केला. पाणबुडीच्या कप्तानाचं घड्याळ ग्रीनिचपेक्षा बरोबर दोन तास पुढे, म्हणजे बर्लिनच्या उन्हाळी वेळेचं. आगबोटीचं घड्याळ ग्रीनिचचं. रात्रीचे अकरा आणि पहाटेचा एक हा एकच क्षण होता. दोन नोंदी, बोट एकच.

फ्राऊ पेटरसननी आकडे दोनदा तपासले. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या, आणि क्लायंटला फोन लावला. बोट पुन्हा पाठवायची गरज नाही, याला दुपारपर्यंत क्लायंटचा होकार आला. कधी नव्हे तो उवेने मला चक्क मिठी मारली. मला इतका आनंद माझ्या प्रमोशनचाही झाला नव्हता.

सगळा प्रकार ऐकून त्याने सासूबाईंनाही लग्नाचं आमंत्रण दिलं. शनिवारी दुपारी तीन वाजता. मी घरी येऊन सांगितलं, तर आईंनी विचारलं, "तीन म्हणजे आपले की त्यांचे?"

सोमवारी मी डेटाबेसमध्ये एक नवा कॉलम टाकला. त्यात हाच प्रश्न आहे, आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.