उंबऱ्यावरचं अंथरूण

ज्या गावात घराला दार लावत नाहीत, त्या गावात सुकन्या अख्खी थंडी घरात अडकून पडली होती. हे बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील. पण झालं ते असंच झालं.

शिंगणापुरात चौकट असते, उंबरा असतो, पडदा असतो. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी टेकवतात. कडी, कोयंडा, कुलूप मात्र नाही. घर देव राखतो, असा शब्द आहे. बाहेरगावचे लोक येतात, मोकळ्या चौकटीपुढं उभं राहून मोबाईलवर फोटो काढतात आणि म्हणतात, किती मोकळं गाव हो! सुकन्या आत भाकरी थापत असायची. ती मनात म्हणायची, या की आत, चार दिवस राहून बघा.

ती मूळची तिसगावची. शाळेत खो-खो खेळायची, आणि तिच्या मागं लागलेली पोरगी रडकुंडीला यायची. लग्न झालं आणि पळणं संपलं. पुढं पळाली ती उतू चाललेल्या दुधामागं तेवढी. चाळिशी आली तेव्हा तिच्या नवऱ्याला, गोरक्षनाथाला, डॉक्टरांनी सांगितलं की साखर वाढलीय, सकाळी चालत जा. गोरखचं देवळाच्या वाटेवर तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान, दिवसभर बैठक. एकट्याला कंटाळा म्हणून त्यानं बायकोला सोबत घेतलं. आठवडा झाला नाही तोच त्याच्या टाचा दुखायला लागल्या आणि तो अंथरुणात परत गेला. सुकन्या काही परतली नाही. एका सकाळी उसाच्या कडेनं उतार लागला आणि तिचे पाय आपणहून पळाले. बघायला कुणी नव्हतं. मग ते रोजचंच झालं.

तिच्या पळण्याच्या तऱ्हा न्याऱ्या होत्या. बूट लेकीचे, ती नगरला हॉस्टेलात राहायची. ते आईला मोठे व्हायचे, म्हणून पुढं जुन्या ब्लाउजची चिंधी कोंबलेली. आधी डावा बूट, मग उजवा. उलटं झालं तर दोन्ही काढून पहिल्यापासून. चहा नाही, फक्त तोंडात गुळाचा खडा. तो विरघळेपर्यंत गावाची वेस मागं पडायची. बांगड्या कोपराकडं सारून त्यांवर लेकीच्या केसांचं रबर चढवायची, वाजायला नकोत म्हणून. मंगळसूत्र गळ्याच्या आत. डोक्यावर ओढणी, कारण सासूची तेवढी अट होती. पण अट गावाच्या शेवटच्या घरापर्यंत. तिथं शेवग्याचं झाड आहे, त्याच्या फांदीला ओढणी बांधायची आणि येताना सोडून परत डोक्यावर घ्यायची. त्या घरातली रतनबाई म्हणायची, "हिनं शेवग्यालाच सून केलंय. बिचारा पदर घिऊन हुबा ऱ्हातोय."

डांबरी रस्ता तिला आवडत नसे. मातीवर पाय पडला की माती ऐकून घेते, डांबर उलटं बोलतं, असं तिचं म्हणणं. म्हणून ती कालव्याच्या चारीकडच्या वाटेनं जायची. सोबतही नको असायची. सोबतीण आली की बोलणं आलं, बोलणं आलं की त्यात घर आलं, मग पळायचं कशाला? शेतातून कुणीतरी ओरडायचं, "ओ वहिनी, कुठं पेटलंय?" ती हात हलवून पुढं. चारीच्या तोंडाशी पाणी सोडायचं लोखंडी चाक आहे. त्या थंडगार चाकाला तळहात टेकवायचा आणि मग माघारी फिरायचं. एखाद्या दिवशी चाकाला हात लागला नाही, तर आंबोण न मिळालेल्या म्हशीसारखी ती दिवसभर पाय झाडत असायची.

दिवाळी सरली आणि बिबट्या आला. पाहिला कुणीच नव्हता, पण आधी वस्तीवरची कुत्री कमी झाली, मग एकाची शेळी गेली, मग ओल्या मातीत पंजा दिसला. ऊस डोक्याच्या वर वाढलेला, आत कोण बसलंय ते काय कळणार? वनखात्यानं उसाच्या कडेला पिंजरा लावून आत शेळी बांधली. दिवस उगवल्याशिवाय माणसं पायी बाहेर पडेनात.

सुकन्याची सासू कडूबाई. अंगानं काडी, पण बोलणं कुऱ्हाडीचं. ती म्हणाली, "चोराला ठावं हाय हितं कुनाचं राज्य हाय ते. बिबट्याला कोन सांगाया गेलंय?"

तिनं मागची चौकट सरपण रचून बुजवून घेतली, वर पत्र्याची पेटी ठेवली. पुढच्या चौकटीचं काय करायचं? दार बसवायचं तर मनातही आणायचं नाही. मग म्हातारीनं आपलं अंथरूण उचललं आणि उंबऱ्याच्या आतल्या अंगाला आडवं टाकलं, चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

गोरख म्हणाला, "आये, बिबट्या आला तर आदी तुलाच न्हेईल की."

"न्हेऊ दे. माजी हाडं चावता चावता त्याचे दात पडत्याल. तवर तुमी जागं व्हाल."

सुकन्याही हसली. पहाटे बूट घालून चौकटीपाशी गेली तेव्हा हसू जिरलं.

निजलेलं माणूस ओलांडू नये. लेकराला ओलांडलं तर वाढ खुंटते, म्हाताऱ्याला ओलांडलं तर आयुष्य. आपल्याकडं पोरींना हे कुणी शिकवत नाही, अंगातच येतं. आणि समोर तर सासू पसरलेली.

"आत्याबाई, जरा सरकता का?"

"भायेर बिबट्या हाय."

"मग उजाडल्यावर जाते."

"जा की. कोन नगं म्हनतंय?"

पण उजाडलं की दूध, डबा, धुणं, दुकानातल्या वाती. उजाडलं की बाई घराची. तिची स्वतःची अशी ती पहाटच होती.

गोरख मात्र अंधारातच दुकान उघडायला निघायचा. त्याची चाहूल लागली की म्हातारी गुडघे पोटाशी घ्यायची. लेक गेला की पाय परत लांब. लेकाला वाट, सुनेला भिंत. एक दिवस सुकन्यानं विचारलंच, "आत्याबाई, बिबट्या माणूस बघून खातो व्हय?"

"त्यो मोटरसायकलवर जातोय."

"मी पळत जाते."

"म्हनूनच. जनावर पळनाराच्याच मागं लागतंय."

उत्तर खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

घरातल्या घरात पळून बघितलं. मांडणीवरचे डबे नाचायला लागले आणि माजघरातून आवाज आला, "भूकंप करतीस का गं?" अंगणात पळाली तर कोंबड्या बिथरून शेजारच्या गोठ्यात अंडी घालायला लागल्या. मग दुपारी गच्चीवर चढून पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारायला लागली. रतनबाई वाटेवरून ओरडली, "अगं सुकन्ये, वर तेलाचा घाना काडलाय का? नवऱ्याच्या दुकानाला तेल पुरवतीस?"

गच्चीवरून चारीची हिरवी रेघ दिसायची. चाक नाही दिसायचं. त्या दिवसापासून तिनं गच्ची सोडली.

पहाटे जाग मात्र यायचीच. पाय तिचं ऐकत नसत. मांडीत मुंग्या चालायच्या. ती उठायची, आधी डावा बूट, मग उजवा, बांगड्यांवर रबर, तोंडात गुळाचा खडा, आणि म्हातारीच्या अंथरुणाशी भिंतीला टेकून बसायची. फळीच्या वरून बाहेरचं गार वारं आत यायचं, त्याला ओल्या उसाचा वास. गूळ विरघळून जायचा आणि ती तिथंच. उजाडलं की बूट काढून पलंगाखाली.

संक्रांतीच्या आधी बिबट्या पिंजऱ्यात पडला. अख्खं गाव बघायला लोटलं. सुकन्याही गेली. तो इकडून तिकडं जायचा, गजाला अंग घासून वळायचा, परत तेच. लोक हसत होते, फोटो काढत होते. तिला ते बघवेना. शेजारच्या कप्प्यात बांधलेली शेळी मात्र निवांत पाला खात होती. बिबट्याला गाडीत घालून नेलं, शेळी तिच्या घरी गेली. सुकन्या आनंदानं घरी आली, बुटांतली चिंधी धुऊन वाळत घातली.

रात्री म्हातारीनं अंथरूण उचललं आणि पुन्हा उंबऱ्याशीच टाकलं.

"आत्याबाई, धरला की त्याला."

"त्याची जोडीदारीन आसंल."

पंधरवड्यानं म्हणाली, पिल्लं असतील. गोरखला सांगितलं तर तो म्हणाला, "आयेपुढं कोन बोलनार? तू असं कर, मोबाईलवर घरातला व्यायाम दाखवत्यात, त्यो कर." आणि मोटरसायकलला किक मारून गेला. त्याला काय, त्याच्यासाठी गुडघे आखडत होते.

एके दुपारी दोघी हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. सुकन्या घाटे असे फोडत होती की दाणे उडत होते. म्हातारी दाणे गोळा करत, खाली बघूनच बोलली, "थोरलीचं ठावं हाय ना तुला?"

थोरला लेक बजरंग आणि त्याची बायको चाकणला असतात, पाडव्याला येतात, एवढं सुकन्याला ठाऊक होतं.

"भांडान न्हाई, तंटा न्हाई. पहाटं उठले तर खोली रिकामी. लेकरू बी न्हेलं. माज्या कुशीत निजायचं ते." म्हातारीनं एक घाटा फोडला, तो रिकामाच निघाला. "दार आसतं तर कुरकुरलं आसतं. कडी वाजली आसती. आपल्यात कोन कवा गेलं ते ऐकूच येत न्हाई."

"मी कुठं जाणार आत्याबाई? चारीपर्यंत जाते, परत येते."

"थोरली बी रोज पान्यालाच जायची. परत यायची."

सुकन्या घाटे हळू फोडायला लागली. राग होता तोवर बरं होतं. रागाला धरून माणूस उभं राहतं. आता तोही गेला आणि उंबऱ्यावर नुसती एक म्हातारी उरली. तिला ढकलता येईना, तिच्यावर चिडता येईना. असल्या माणसासमोर माणूस फार अडकतं.

माघ संपत आला. त्या पहाटे सुकन्या नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली होती. लांब कुठंतरी ऊसतोडीचा ट्रॅक्टर निघाल्याचा आवाज आला. ती उठली. आपण काय करतोय हे मनाला कळायच्या आत तिनं फळी बाजूला केली, सलवार वर धरली आणि डावा पाय उचलला. मग उजवा. ती बाहेर होती.

"वलांडलंस."

सुकन्या अंगणात थिजली. "आत्याबाई, तुम्ही जाग्या हाय?"

"रोजच जागी आसते. तू बूट घालतीस तवापास्नं."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आता उलटं वलांडाय पायजे, म्हंजी फिटतंय."

सुकन्यानं आत यायला पाय उचलला.

"आत्ता नगं," म्हातारी म्हणाली. तोंडावर गोधडी तशीच. "जाऊन ये. येताना वलांड. पर हितनंच, माज्यावरनंच. तवर मी उठायची न्हाई. आन् बेगी ये. मला बी मागं जायचंय, लई टाइम धरवत न्हाई."

सुकन्या निघाली. शेवग्याला ओढणी बांधली. पाय जड, श्वास गंजलेला, पोटात कळ. पण माती तीच होती. पाय पडला की ऐकून घेत होती. ऊस तुटून रानं उघडी पडली होती, लांबपर्यंत आडवं काही नव्हतं. हळूहळू श्वास लयीत आला, पाय सैल झाले, गुळाची गोडी अजून जिभेवर होती, आणि तिच्या तोंडातून आपोआप हुंकार निघाला.

चाक दिसलं. दगड भिरकावला तर लागेल इतकं जवळ.

आजवर तिला वाटायचं, वाट या चाकापाशी संपते. आज दिसलं की वाट चाकाच्या पुढंही जाते, चारीच्या कडेनं, वळून, कुठल्या कुठं. तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढं म्हातारी आली. थंडीत, उघड्या चौकटीत, गुडघे ताठ करून, धरून पडलेली. हट्टी बाई. हलायची नाही म्हणाली म्हणजे हलायची नाही.

सुकन्यानं चाकाकडं एकदा बघितलं आणि हात न लावताच मागं फिरली.

जाताना पळाली नव्हती तेवढी येताना पळाली. रतनबाई अंगणात तोंड धूत होती. "अगं, बिबट्या लागलाय का मागं?"

"बिबट्या असता तर झाडावर तरी चढले असते!" ती म्हणाली आणि शेवग्यावरची ओढणी ओढून पुढं गेली. घाईत फांदीचा शेंडाही तिच्यासोबत आला.

म्हातारी होती तशीच होती. सुकन्यानं तिला उलटं ओलांडलं आणि धापा टाकत भिंतीला टेकली.

"आलीस?" म्हातारीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चौकटीला धरून उठली, कमरेवर हात देत लगबगीनं घराच्या मागं गेली. परत आली तेव्हा चेहरा निवळला होता. अंथरुणावर बसून तिनं सुनेच्या ओढणीतला शेवग्याचा पाला काढला.

"उद्या मला आदी उठव. मी मागं जाऊन येते, मग आडवी हुते, मग तू वलांड. म्हंजी तुला घाई न्हाई."

"जाऊन आल्यावर परत आडवं कशाला व्हायचं, आत्याबाई? उठल्याच हाय तर बसून राहा की."

म्हातारीनं तिच्याकडं असं बघितलं, जसं साधा हिशोब न कळणाऱ्या पोरीकडं बघावं.

"आन् मग तू परत कशापायी येशील?"

सुकन्यानं बूट काढले. आधी डावा, मग उजवा. अंथरूण त्या दिवशी कुणी गुंडाळलंच नाही.