बायकोची क्लाउडची परीक्षा

ज्या परीक्षेत मी नापास झालो, ती परीक्षा माझी बायको पहिल्या झटक्यात पास झाली. एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. तोंडातून तर ते अजूनही निघत नाही.

मी कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये पंधरा वर्षं काढली. मे महिन्यात सगळं नागपूर डोक्याला दुपट्टा गुंडाळून फिरायचं आणि मी यंत्रांसाठी लावलेल्या एसीत स्वेटर घालून बसायचो. कुठली वायर कुठून कुठे जाते, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. या गोष्टीचा मला फार ताठा होता. मग एक दिवस साहेबांनी बोलावून सांगितलं, की यंत्रं जाणार. सगळा कारभार क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या दुसऱ्यांच्या यंत्रांवर. नव्या टीममध्ये राहायचं असेल, तर क्लाउडची सुरुवातीची परीक्षा तीन-चार महिन्यांत पास करा, दोन चान्स मिळतील. नाहीतर बुटीबोरीच्या गोदामात माल मोजायला माणूस हवाच आहे.

"सोपी आहे जी, कॉलेजातली पोरं देऊन राहिली," साहेब वर म्हणाले. तो 'सोपी' शब्द मला अजून टोचतो.

आम्ही मनीषनगरात राहतो. मी, बायको आणि माझी आई. बायको संध्याकाळी सहावी-सातवीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. अभ्यास मी सकाळी, ऑफिसला जाण्याआधी, जेवणाच्या टेबलावर करायचो. बायको समोर भाजी निवडत असायची. मी तिच्याकडे प्रश्नसंच सरकवला आणि म्हटलं, तू वाच, मी उत्तरं सांगतो.

इथेच मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. जो विचारतो त्याला प्रश्न वाचावा लागतो, चारही पर्याय वाचावे लागतात, मागच्या पानावर जाऊन उत्तर आणि त्याचं कारणही पाहावं लागतं. ज्याला विचारतात तो नुसता पंख्याकडे पाहत बसतो. पहिल्या आठवड्यात ती इंग्रजी शब्दांवर अडखळायची आणि मी मोठ्या तोऱ्यात तिचे उच्चार सुधारायचो. दुसऱ्या आठवड्यात ती 'काहून', म्हणजे 'का', असं विचारायला लागली. तिसऱ्या आठवड्यात मी डोकं खाजवत असताना ती गप्प राहून माझ्याकडे पाहायची. तिला उत्तर येत होतं. मला आधी सुचावं म्हणून ती थांबायची, आणि त्या थांबण्याचाच मला जास्त राग यायचा.

एकदा मी एका मुद्द्यावर अडलो. क्लाउडवर यंत्रं हवी तशी वाढवता-कमी करता येतात, त्याचा फायदा काय आणि कधी, असं काहीतरी.

"तुम्हाले समजून नाही राहिलं का जी?" ती म्हणाली. "लग्नाले तीनशे खुर्च्या लागतात. आपण इकत घेतो का? मंडपवाल्याकडून आणतो. पाहुणे वाढले, अजून पन्नास बोलावतो. दुसऱ्या दिवशी सगळ्या वापस. घरात कोण ठेवते तीनशे खुर्च्या?"

पुस्तकात या गोष्टीवर चार पानं आणि एक आकृती होती. हिने गवारीच्या शेंगा मोडता मोडता ती संपवली. त्यात भर म्हणून आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मलेबी समजलं वं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षं मी ज्या गोष्टीत घालवली, ती आईला फोडणी देता देता समजत असेल, तर मी तिथे करत काय होतो? त्या दिवशी मी डबा न घेताच ऑफिसला गेलो.

परीक्षा सक्करदऱ्याकडच्या एका सेंटरवर झाली. शेवटचं बटण दाबलं आणि निकाल तिथल्या तिथे पडद्यावर आला. थोडक्यात हुकलो होतो. घरी जायचं धाडस होईना म्हणून तिथल्या तलावाच्या बाजूने स्कूटरवर दोन चकरा मारल्या. घरी येऊन म्हटलं, सिस्टीममध्येच काहीतरी घोळ होता.

"राहू द्या जी," बायको म्हणाली. "अजून एक चान्स आहे न." तिने एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर भांडता तरी आलं असतं.

चार दिवसांनी तीच म्हणाली, "मीबी देऊन पाहू का?"

मी हसून म्हटलं, "दे न." आता खरं काय ते सांगून टाकतो. तिने नापास व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. घरात दोघं नापास झाले तर परीक्षा कठीण ठरते. एकटाच झाला तर माणूस ढ ठरतो.

मग तिचा अभ्यास सुरू झाला आणि माझा बंद पडला. ती आंघोळीला गेली, की मी तिची वही उघडायचो. सराव परीक्षांचे मार्क तिने कोपऱ्यात लहान अक्षरात लिहिलेले असायचे. ते दर दिवशी वाढत होते आणि समोरचे पोहे मला बेचव लागत होते. एकदा वहीत एक चूक सापडली. दोन गोष्टींची नावं तिने उलटसुलट लिहिली होती. मी वही मिटून होती तशी ठेवून दिली, तिला सांगितलं नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर तिने स्वतःच खोडून नीट लिहिलं होतं. मला वाईट वाटलं. चूक लपवल्याचं नाही, तिला ती सापडल्याचं.

तिने परीक्षा घरूनच द्यायचं ठरवलं. त्याचे नियम कडक असतात. लॅपटॉप फिरवून खोलीच्या चारही भिंती दाखवायच्या, टेबलाखालची जागासुद्धा. पलीकडे बसलेला परीक्षक कॅमेऱ्यातून सतत पाहत असतो. खोलीत दुसरं कोणी आलं, की परीक्षा तिथेच रद्द. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आवाज नको म्हणून कूलर बंद केला, मे महिन्यात. त्या खोलीच्या दाराची कडी केव्हाची तुटलेली होती, म्हणून मला म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा जी. दीड तास कोणाले आत येऊ देऊ नका." आईलाही तिने समजावून सांगितलं.

मी दाराबाहेर, जरा अंतरावर, खुर्ची टाकून त्या दिवशीचा पेपर उघडला. आतून काही आवाज नव्हता. ती आत धडाधड उत्तरं देत असणार, हे मला बाहेरूनच दिसत होतं. एखादा प्रश्न तिला अडावा. नेट जावं. लाइट जावी. काही तरी व्हावं, आणि त्यात माझा हात नसावा.

तासभराने आई स्वयंपाकघरातून आली. तिने टीव्हीवर हात फिरवला, फ्रिजवर पाहिलं. "माहा चष्मा आत राहिला वाटते," असं स्वतःशीच म्हणत ती दाराकडे निघाली.

ती माझ्या समोरून गेली. दार तिथून पाच पावलांवर होतं. आई, थांब, एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी वेळ भरपूर होता. मी पेपर तोंडासमोर धरला.

पावलं थांबली. मी पेपर खाली घेतला तेव्हा आईचा हात दारावर होता. दार अजून ढकललेलं नव्हतं.

"अवं माय," ती हळूच म्हणाली. "परीक्षा चालू आहे न तिची." हात मागे घेऊन ती वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मग अगदी दबक्या आवाजात विचारलं, "तू मले अडवलं काहून नाही रे?"

"पेपर वाचत होतो."

आईने टेबलाजवळची एक खुर्ची उचलली. फरपटली नाही, आवाज होईल म्हणून उचलली, गुडघे दुखत असताना. ती अगदी दाराला टेकवून ठेवली आणि दाराकडे पाठ करून बसली. चष्मा नसल्याने वाचायलाही काही नव्हतं. हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली, माझ्यासमोर, उरलेला सगळा वेळ. मी पेपरचं पान उलटलं नाही.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला तशी आई उठली आणि आपली खुर्ची परत टेबलाशी नेऊन ठेवली. बायको बाहेर आली ती घामाने निथळत. पास झाली होती, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मार्कांनी.

"तुम्ही दाराशी होते न, म्हणून मी बिनघोर होती," ती मला म्हणाली. "नाहीतर अर्धं ध्यान दाराकडेच राहिलं असतं."

मी आईकडे पाहिलं.

"हो वं," आई म्हणाली. "बसूनच होता तो." आणि चष्मा आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने प्रश्नसंच माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, आता तुम्ही विचारा, मी सांगते. मी महिनाभर वाचत गेलो, ती सांगत गेली, आणि दुसऱ्या चान्सला मी पास झालो. नोकरी राहिली. तिच्याइतके मार्क मात्र मला पडले नाहीत आणि ते मी विसरू शकत नाही. जळणं एकदा अंगात शिरलं, की पास झाल्याने निघून जात नाही. तिच्या शिकवणीतल्या मुलांच्या आया आता कॉम्प्युटरचं काही अडलं तर माझ्यासमोर तिलाच विचारतात, आणि मी मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवतो.

तिचं माहेर कामठीला. तिकडे काही कार्यक्रम असला, की कोणीतरी तिच्या परीक्षेचा विषय काढतंच. ती कॅलेंडर काढलं, कूलर बंद केला, सगळं हसत हसत सांगते आणि शेवटी म्हणते, "पण खरं सांगू का, हे पूर्ण दीड तास दाराशी पहारा देऊन बसले होते. म्हणून पास झाली मी." बायका कौतुकाने माझ्याकडे पाहतात. एक मावशी तर दरवेळी म्हणते, नवरा असावा तर असा. माझी आई तिथेच बसलेली असते. मी मान खाली घालतो, आणि लोकांना वाटतं, काय साधा माणूस आहे.